कारलं विमानात बसवायचं तर आधी माशीचं बघा

वेलावरचं आठ-दहा दिवसांचं कारलं हातात घ्या आणि काट्यांच्या मधल्या खोबणीत नीट निरखून बघा. कुठे टाचणीच्या टोकाएवढा पारदर्शक, चिकट थेंब दिसला तर ते कारलं निर्यातीतून गेलंच म्हणून समजा. फळमाशीच्या मादीने तिथे सुई टोचून आत अंडी घातली आहेत. दुसऱ्या दिवशी तो थेंब वाळून तपकिरी होतो. मग फळ त्या बाजूला वाकायला लागतं, आणि पुढच्या तीन-चार दिवसांत तेवढा भाग पिवळा पडून मऊ होतो. एवढं झालेलं फळ शाळकरी पोरसुद्धा बाजूला काढेल. खरी पंचाईत तोडणीच्या आदल्या दिवशी डंख झालेल्या फळाची. ते सरळ असतं, हिरवंगार असतं, प्रतवारीच्या टेबलावर पहिल्या नंबरात जातं. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात. तोवर खोका परदेशात पोचलेला असतो आणि तिथला तपासनीस सुरीने कारलं उभं कापतो.

बहुतेक माहितीपत्रकं निर्यातीची सुरुवात परवान्यांपासून करतात. इथे मुद्दाम माशीपासून केली आहे, कारण भारतीय कारल्याची वाट तिने फार अडवली. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने आपला आंबा आणि चार भाज्या बंद केल्या: वांगी, अळू, कारली आणि पडवळ. त्याआधीच्या वर्षी भारतातून गेलेल्या दोनशेहून जास्त खेपांमध्ये कीड सापडली होती. वर्तमानपत्रांत गाजला तो हापूस. आंब्यावरची बंदी २०१५ मध्ये उठलीसुद्धा, भाज्यांना मात्र त्याहून जास्त थांबावं लागलं. पुढे १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपने कारल्याच्या फळासाठी आणखी एक अट आणली. 'थ्रिप्स पाल्मी' हा फुलकिडा ज्या देशांत आहे आणि त्याचा पक्का बंदोबस्त नाही, तिथली कारली घ्यायची नाहीत. म्हणून युरोप डोळ्यांपुढे ठेवून बी टाकणार असाल तर आधी वनस्पती संगरोध कार्यालयात (जिथे परदेशी जाणाऱ्या मालाची कीड-रोगासाठी तपासणी होते) जाऊन त्या हंगामाचे नियम विचारून घ्या. दुबई, दोहा, मस्कत, कुवेत ही वाट तुलनेने सोपी आहे. महाराष्ट्रातल्या नव्या माणसाने तिथूनच सुरुवात करावी.

याच माशीने जपानलाही दमवलंय. ओकिनावा बेटांवर कारलं म्हणजे 'गोया', रोजच्या जेवणातली भाजी. पण बेटांवर ही माशी असल्यामुळे ते जपानच्या मुख्य भूमीवर न्यायला बंदी होती. जपान्यांनी प्रयोगशाळेत माशा वाढवून, किरणोत्साराने नपुंसक करून वर्षानुवर्षं सोडल्या. १९७८ मध्ये कुमे बेट मोकळं झालं आणि १९९३ पर्यंत सगळी बेटं. तेव्हा कुठे गोया मोकळेपणाने टोकियोला जायला लागला. आपल्याकडे दर दुसऱ्या बांधावर दुधी, दोडका, काकडी असते, त्यामुळे माशीचं निर्मूलन विसरा. आपल्या हातात आहे ते तिची संख्या खाली ठेवणं.

सापळ्यात लोक हमखास चुकतात. दुकानात 'फळमाशीचा सापळा द्या' म्हटलं की बऱ्याचदा आंब्याचा मिळतो. त्यात मिथाईल युजेनॉल असतं. आठ दिवसांत सापळा माशांनी भरतो, शेतकरी खूश होतो आणि कारली किडतच राहतात, कारण भरलेल्या माशा आंबा-पेरूवरच्या असतात. वेलवर्गीय पिकातल्या माशीला 'क्यू ल्युर' हे वासाचं आमिष लागतं. पाकिटावर तेच नाव वाचूनच घ्या. एकरी आठ ते दहा सापळे, पहिली फुलं दिसायच्या आधी, मंडपाच्या, म्हणजे वेलासाठी बांधलेल्या तारांच्या छताच्या, खाली सावलीत टांगायचे. ल्युर किती दिवस चालते ते पाकिटावर असतं. ती तारीख खडूने सापळ्यावरच लिहून ठेवावी, नाहीतर वास उडालेला सापळा दोन महिने नुसता लोंबकळत राहतो. आणि क्यू ल्युरने येतात ते नर. अंडी घालणारी मादी त्याकडे ढुंकूनही बघत नाही.

मादीसाठी मका लावायचा. प्लॉटच्या चारी बाजूंनी मक्याच्या दोन ओळी, कारल्याच्या आधी दोन-तीन आठवडे. ही माशी दिवसभर वेलावर बसत नाही. अंडी घालायला येते आणि एरवी शेजारच्या उंच, दाट पानांत विसावते. गूळ किंवा प्रथिनाचं आमिष मिसळलेला फवारा मक्याच्या पानांवर, खालच्या बाजूने घेतला की औषध तिला भेटतं आणि कारल्याच्या फळावर थेंबही पडत नाही. फळात उरणाऱ्या औषधाच्या अंशाच्या दृष्टीने ही गोष्ट सोन्याहून पिवळी.

तिसरं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि बहुतेक जण ते दोन आठवड्यांत सोडून देतात. डंखलेलं, वाकडं, पिवळं फळ प्रत्येक तोड्याला वेगळ्या बादलीत गोळा करायचं. जाड काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधायचं आणि आठवडाभर उन्हात ठेवायचं, किंवा दोन फूट खोल पुरायचं. किडकं कारलं बांधावर फेकणं म्हणजे माशीसाठी पाळणाघर उघडणं. अळी फळातून बाहेर पडते, मातीत वरच्या काही इंचांत कोष करते आणि आठवडा-दीड आठवड्यात नवी माशी तुमच्याच मंडपात हजर.

आता मंडप. ताटीवर, म्हणजे कुंपणासारख्या उभ्या आधारावर, कारलं स्वस्तात होतं. मुंबई-पुण्याच्या बाजारासाठी ताटीला नाव ठेवायचं कारण नाही. पण ताटीवर फळाची एक बाजू उन्हात राहते आणि तिचा हिरवा रंग फिका पडतो. फळ तारेला किंवा वेलाला टेकलं तर तिथे वाकतं, घासतं. मंडपात ते साडेचार-पाच फुटांवर मोकळं लटकतं, स्वतःच्या वजनाने सरळ होतं आणि सावलीत सगळीकडून सारखं हिरवं राहतं. आखाती खरेदीदार वीस ते पंचवीस सेंटिमीटर लांब, गर्द हिरवं, आखूड मानेचं फळ मागतो. असं फळ भरवशाने मिळतं ते मंडपातच.

मंडपाची उंची साडेसहा फूट. कडेचे लाकडी डांब दहा फुटी, चार इंच जाडीचे, पाच-पाच मीटरवर, दोन फूट खोल आणि बाहेरच्या बाजूला कललेले. बाहेर कलवायचं कारण सोपं आहे. पाऊस झाला की ओला वेल, फळं आणि वारा मिळून सगळा ओढा आतल्या बाजूला येतो. सरळ रोवलेला डांब आधी आत झुकतो, मग अख्खा मंडप पोट सुटल्यासारखा लोंबतो. प्रत्येक डांबाला बाहेरून तारेचा ताण द्यायचा आणि ती तार जमिनीत दोन फूट खोल गाडलेल्या दगडाला बांधायची. कडेची आणि मुख्य तार दहा गेजची, वरची जाळी सोळा गेजची, दीड-दीड फुटावर. मधे आधाराला बांबू. तार ओढायला पुलर वापरा. हाताने ओढलेली तार पहिल्या बहरातच सैल पडते.

जातीत फार अडकू नये, पण बाजार कोणता ते आधी ठरवावं. राहुरीच्या विद्यापीठाची फुले ग्रीन गोल्ड लांब, हिरवी, काटेरी आहे. हिरकणी, फुले प्रियंका याही तिथल्याच. दापोलीची कोकण तारा मध्यम लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती. भात निघाल्यावर रायगड-पालघरकडे रब्बीत कारलं घेणाऱ्यांनी तिचा विचार करावा. कोइमतूरकडची पांढरी लांब कारली केरळी-तमिळी गिऱ्हाइकाला लागतात, बंगाली माणसाला छोटं उच्छे लागतं आणि फिलिपिनो 'अंपालाया' म्हणून फिकट हिरवी, मांसल फळं शोधतो. दुबईत हे सगळे एकाच बाजारात येतात. म्हणून 'कारली पाठवा' एवढ्या निरोपावर लागवड करू नका. कोणत्या दुकानदारासाठी, किती लांब, किती काटेरी, हे फोटोसकट मागवून घ्या.

लागवड दीड मीटर बाय एक मीटर. एकरी साधारण २,६५० वेल. बियाचं कवच कडक असतं म्हणून ते चोवीस तास पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात ठेवून मग ट्रेमध्ये लावावं. रोप दोन खऱ्या पानांवर असतानाच शेतात जावं. मुळं ट्रेभर फिरलेलं रोप पुढे आठ-दहा दिवस रुसून बसतं. हेक्टरी वीस टन शेणखत आणि १००:५०:५० किलो नत्र, स्फुरद, पालाश. नत्र हप्त्याहप्त्याने द्या. एकदम दिलं की वेल पानांनी माजतो आणि मादी फुलं उशिरा येतात.

रोपाशेजारी सुतळी सोडून वेल सरळ वर चढवायचा. तारेपर्यंत पोचेस्तोवर बगलफूट (बगलेतल्या फांद्या) आणि ताणे दर चार दिवसांनी काढायचे. एकदा आळस केला की खाली झुडूप होतं, हवा अडते आणि केवडा हा पानांचा रोग तिथूनच सुरू होतो. वर पोचल्यावर दोन-तीन फांद्या दोन बाजूंना वळवून मोकळ्या सोडा. भुरीसाठी, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीसाठी, गंधक वापरताना ऊन बघा. कडक उन्हात वेलवर्गीय पानं गंधकाने करपतात.

वाकडी फळं नेहमी माशीचीच असतात असं नाही. फळ मधेच बारीक किंवा टोकाकडे चिमलेलं असेल तर ते चिरून बघा. बारीक भागात बी भरलेलं नसतं. परागीकरण अर्धवट राहिलं की असं होतं. कारल्याला नर आणि मादी फुलं एकाच वेलावर वेगवेगळी येतात, पहाटे उमलतात आणि सगळं काम सकाळच्या मधमाशीवर असतं. सकाळी आठला फवारणी केली की त्या दिवशीच्या मादी फुलांवर पाणी सोडलंच म्हणायचं. दीड आठवड्याने वाकडी फळं दिसली की लोक बोरॉन आणायला धावतात. मागच्या दहा-बारा दिवसांत सकाळचा फवारा कधी घेतला ते आधी वहीत बघा. फवारणी संध्याकाळीच करायची.

ही वही पुढे कागदपत्रांतही लागते. तारीख, औषध, प्रमाण, पंपाचा नंबर, तोडणीला राहिलेले दिवस. युरोपात ज्या औषधाची मर्यादा वेगळी ठरलेली नसते, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हा सरसकट निकष लागतो. म्हणजे शंभर टन कारल्यांत मिळून एक ग्रॅम. कपाशीला वापरलेला पंप नुसता पाण्याने विसळून कारल्यावर नेला तरी प्रयोगशाळेच्या अहवालात ते उमटू शकतं. निर्यातीच्या प्लॉटचा पंप वेगळा ठेवा, त्याला लाल पट्टी मारा, आणि शेजारी फवारत असेल तर वारा कुठून वाहतोय तेही बघा.

लागवडीपासून पंचावन्न-साठ दिवसांत पहिला तोडा येतो. फूल उमलल्यापासून बारा-पंधरा दिवसांचं फळ हवं, आतलं बी पांढरं आणि मऊ असताना. बी कडक झालं, गराला गुलाबी झाक आली, की ते फळ वरून कितीही हिरवं दिसलं तरी देशी बाजारात जाऊ द्या. यामागे कारण आहे. पिकायला लागलेलं कारलं इथिलीन वायू सोडतं आणि कारलं त्या वायूला फार हळवं असतं. पाच किलोच्या खोक्यात असं एकच फळ गेलं तरी दोन-तीन दिवसांत शेजारची पिवळी पडायला लागतात, आणि ते स्वतः टोकाकडून उकलून लाल बी दाखवतं. मालाच्या अर्ध्या तक्रारी इथल्या असतात. त्यामुळे तोडा एक दिवसाआड, फार तर दोन दिवसांनी. लग्नसराईत मजूर मिळाले नाहीत आणि चौथ्या दिवशी तोडलं, तर त्या दिवशीचा माल निर्यातीला देऊच नये.

तोडणी सकाळी, दव सुकल्यावर. कात्रीने, दीड-दोन सेंटिमीटर देठ ठेवून. हाताने ओढलं की मान फाटते आणि कुज तिथूनच शिरते. हातात सुती मोजे घाला, कारण कारल्याचे काटे दिसतात दणकट पण नखाच्या ओरखड्यानेही दुसऱ्या दिवशी काळपट पडतात. गोणी नको, उथळ क्रेट वापरा, आत कोरा कागद घाला. वर्तमानपत्राची शाई ओल्या फळाला लागते. धुण्याचा मोह टाळा. काट्यांच्या खोबणीत राहिलेलं पाणी खोक्यात सुकत नाही आणि तिथेच बुरशी धरते.

तापमानात लोक दोन्हीकडे चुकतात. दहा ते बारा अंश आणि ८५ ते ९० टक्के आर्द्रता, एवढ्यावर चांगलं फळ दोन आठवड्यांच्या पुढे टिकतं. तेराच्या वर गेलं की ते पिवळं व्हायला लागतं. आणि 'जास्त थंड तर जास्त ताजं' म्हणून कुणी पाच-सहा अंशांत ठेवलं, तर बाहेर काढल्यावर खड्डे पडतात, तपकिरी डाग येतात आणि कुज धरते. फ्लॉवर-कोबीसाठी लावलेल्या शीतगृहात 'एक कोपरा आहे मोकळा' म्हणून कारली ठेवणं त्यामुळेच महागात पडतं. जहाजाने मिश्र कंटेनर पाठवणार असाल तर भेंडी आणि कारलं दहा अंशांवर एकत्र चालतात. पिकता आंबा, पपई, केळी, टोमॅटो मात्र शेजारी नकोत.

खोक्याच्या मापात बराच पैसा असतो. विमान कंपनी वजन आणि आकारमान यांतलं जे जास्त असेल त्यावर भाडं लावते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागायचं. ४० × ३० × २० चा खोका ४ किलोचा ठरतो. त्यात पाच किलो कारली बसली तर भाडं खऱ्या वजनावर लागतं, वायफळ काही नाही. तीच पाच किलो ४५ × ३५ × २५ च्या खोक्यात सैल भरली तर आकारमान साडेसहा किलोचं होतं, आणि तुम्ही हवेचं भाडं भरता. वर फळं आत घरंगळून काटे मोडतात ते वेगळंच. बाजूला झरोके हवेत, पण वरचे आणि खालचे झरोके एकावर एक जुळले पाहिजेत, नाहीतर थप्पी लावली की हवा बंद.

कागदपत्रं एजंट करतो, तरी त्यांचा क्रम माहीत असावा. आयात-निर्यात कोड आणि अपेडाची (शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेची) नोंदणी निर्यातदाराची. शेताची नोंदणी कृषी विभागामार्फत. फायटो, म्हणजे वनस्पती आरोग्याचा दाखला, खेपेगणिक नवा. लाकडी पॅलेट असेल तर त्यावर उष्णता प्रक्रियेचा शिक्का हवा. युरोपसाठी माल अपेडा मान्यताप्राप्त पॅकहाऊसमधूनच जातो आणि तपासणी तिथेच होते. प्रत्येक खोक्यावर शेताचा आणि तोड्याचा नंबर घाला. तक्रार आली तर ती एका प्लॉटपुरती राहते, नाहीतर तीस शेतकऱ्यांचा माल एकाच तराजूत जातो.

आता हिशोब. निर्यातदार किलोला आठ रुपये जास्त देतो म्हणाला की हरखून जायचं नाही. समजा तोड्याला ५०० किलो निघाला आणि ३०० किलो प्रतवारीत बसला. २,४०० रुपये वाढले. उरलेले २०० किलो वाशीला गेले. तिथला व्यापारी काही आंधळा नसतो. वरचा माल काढून घेतलेला आहे हे त्याला क्रेट उघडताच कळतं आणि तो दहा रुपये कमी धरतो. २,००० गेले. राहिले ४००, आणि त्यातून निवडणाऱ्या दोन बायकांची मजुरी द्यायची. फायदा होतो तो पहिल्या प्रतीचं प्रमाण वाढलं की. तेच ५०० किलोंतून ४०० बसले तर ३,२०० येतात आणि १,००० जातात. मंडप, मका आणि काळ्या पिशव्यांचा खर्च इथे फिटतो. म्हणून सौदा करताना दरासोबत प्रतवारी कोण करणार, कुठे करणार आणि नाकारलेला माल कुणाचा, हे तीन प्रश्न कागदावर घ्या. 'तिकडे विकल्यावर भाव सांगतो' या बोलीवर माल देणं टाळाच. तिकडे खोके उघडताना तुमचा माणूस हजर नसतो. निदान पॅकिंगच्या वेळचे, खोक्याचा नंबर दिसेल असे फोटो आणि शीतगृहाच्या तापमानाची नोंद ठेवा.

हंगाम ठरवताना आखातातलं ऊन लक्षात घ्या. हिवाळ्यात तिथेही भाजी पिकते. उन्हाळा चढला की तिकडची शेतं थंडावतात आणि बाहेरच्या मालाची मागणी वाढते. आपली जानेवारी-फेब्रुवारीची लागवड मार्च अखेरपासून फळ देते, ते गणित जुळतं. जूनची लागवड पावसात सापडते, केवडा आणि माशी दोन्ही जोरात असतात. पहिल्या वर्षी ती नकोच.

आणि शेवटचा तोडा झाल्यावर वेल मंडपावर तसेच वाळत टाकू नका. भाव पडलेला असतो, मजुरी परवडत नाही, म्हणून फळं वर पिकून फुटतात आणि माशीची अख्खी पिढी फुकटात वाढते. शेवटची फळं काढून पुरा, सुतळ्या कापून वेल खाली ओढा, वाफे उलथून चार दिवस उन्हात तापू द्या. त्याच मंडपावर लगेच दोडका चढवायचा विचार असेल तर तो सोडा. एक हंगाम घेवडा घ्या.